झाकणाचं कालवण

सहादू पगारेला स्वयंपाक येत नव्हता, आणि यावा असं कुणाला वाटलंही नव्हतं. निफाडजवळच्या गावी आईने त्याला चुलीपाशी बसवलं ते फक्त तव्यावरची भाकरी गरम गरम वाढायला. पुढे आयटीआय करून तो नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागला, सुमनशी लग्न झालं, आणि शरणपूरच्या बाजूला कौलारू खोल्यांच्या एका ओळीत दोघांनी बिऱ्हाड मांडलं.

सुमन नर्सिंग शिकलेली होती. तिच्या सरकारी नोकरीचा हुकूम आला तेव्हा ओळीतल्या सगळ्या घरांत पेढे गेले. नोकरी कुठं, असं लोकांनी विचारलं की सहादू जरा थांबून सांगायचा, "सुरगाण्याकडे. आंबपाडा म्हणून आहे. बोरगावला एस.टी.तून उतरायचं आणि पुढं डोंगरातून चालत."

"रोज जाऊन येऊन जमेल?"

"छे. तिथंच राहायचं. खोली आहे दवाखान्याची."

मग विचारणारा पेढा तोंडात टाकायचा आणि विषय बदलायचा.

"एक वर्ष काढू," सहादू सुमनला म्हणाला. "मग बदली मागू."

"वर्ष काय, बघता बघता जाईल."

हे १९७४ साली. बदली झाली १९८५ साली.

शनिवारी संध्याकाळी सुमन यायची आणि सोमवारी पहिल्या गाडीने जायची. सहादू तिला सी.बी.एस.च्या एस.टी. स्टँडवर सोडायला जाई. गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, पिशवी वर द्यायची आणि गाडी हलेपर्यंत खाली उभं राहायचं, एवढं त्याचं काम. बोलायचं ते सगळं रविवारी बोलून झालेलं असे. गाडी गेली की तो तिथूनच सातपूरची बस पकडी.

कारखान्यात त्याला काही वाटत नसे. लेथचा आवाज असे, जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी कुणाची तरी खेचत असे. वाईट वेळ यायची ती संध्याकाळी, दार ढकलून आत पाऊल टाकलं की. सकाळी ज्या वस्तू जिथं ठेवल्या त्या तिथंच असत. कपबशी तिथंच, वर्तमानपत्र त्याच पानावर उघडं. आपल्याशिवाय या घरात आठवडाभर कुणी काहीच हलवत नाही, ही गोष्ट त्याच्या ध्यानात कधी आली कोण जाणे, पण एकदा आल्यावर डोक्यातून जाईना.

मूल झालं नाही. एकदा दिवस गेले होते, ते राहिले नाहीत. त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नाही.

सोमवारी सुमनने करून ठेवलेली भाजी असे. मंगळवारी ती आंबे. पुढचे दिवस खाणावळ. तिथला वाढपी "आणखी?" विचारी, तेवढंच काय ते बोलणं. एका पावसाळ्यात खाणावळीच्या जेवणाने पोट पार बिघडलं, तेव्हापासून तो चहा आणि पाव, चहा आणि चिवडा यांवर भागवू लागला. सुमनला सांगत नसे. रविवारी ती त्याचं मनगट हातात धरून, नाडी बघितल्यासारखी, म्हणायची, "वाळलात."

"मशीनवर उभं राहून सगळेच वाळतात," तो म्हणायचा.

शेजारच्या खोलीत मंगलाबाई राहत. ख्रिस्ती बाई, साठीच्या पुढच्या, विधवा. मिशनच्या शाळेत मुलींना शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. पोटचं कुणी नाही, एक भाची तेवढी पुण्याला. दोन खोल्यांमधली भिंत छतापर्यंत गेलेली नव्हती, वर कौलांखाली हातभर जागा मोकळी होती. त्यामुळे मंगलाबाईंचा खोकला सहादूला ऐकू येई, आणि सहादूचं चिवड्याचा कागद चुरगाळणं त्यांना.

"पगारे," एका गुरुवारी भिंतीपलीकडून आवाज आला, "आज पुन्हा चिवडा?"

"नाही मावशी, जेवलो मी."

"मला अजून ऐकू येतं हो चांगलं. उद्या येताना पावशेर खिमा आणा. मैदा आहे माझ्याकडे. पाय शिकवते तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सहादू कामावरून परस्पर भद्रकालीच्या मटण बाजारात गेला आणि बकऱ्याचे पाय घेऊन आला. त्याचा विचार असा, की पाय शिकवायचे तर खिमा कशाला लागेल? बाई बोलताना चुकल्या असतील.

मंगलाबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि चौकट धरून हसत सुटल्या. त्यांना इतकं हसताना ओळीत कुणी पाहिलं नव्हतं. समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन बघू लागली.

"अहो, पाय म्हणजे हे पाय नव्हेत! इंग्रजीतला पाय, साहेब लोकांचा पदार्थ आहे तो. माझे वडील मिशनच्या बंगल्यावर खानसामा होते, ते करायचे. खाली कालवण, वर पोळीचं झाकण."

"मग झाकणाचं कालवण म्हणा की."

"म्हणा तसं. चव तीच लागेल."

त्या दिवशी पायांचा रस्साच झाला. पाय झाला पुढच्या मंगळवारी.

पदार्थ सोपा होता. कांदा परतायचा, त्यात खिमा, बटाट्याच्या बारीक फोडी, गाजर, हिवाळा असेल तर मटार. मीठ आणि मिरपूड. शिजत आलं की चमचाभर मैदा दुधात कालवून घालायचा आणि रस दाट होईपर्यंत ढवळायचं. सहादूने हळूच दोन हिरव्या मिरच्या टाकल्या, ते मंगलाबाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. मग ताटात मैदा घेऊन त्यात डालडा चोळायचा, नुसत्या बोटांच्या टोकांनी, रव्यासारखा होईपर्यंत, आणि पाण्याच्या हबक्यावर त्याचा गोळा करायचा.

"मळू नका हो त्याला! भाकरीचं पीठ आहे का ते? नुसतं गोळा करा."

त्याची जाडसर पोळी लाटून पातेल्यातल्या कालवणावर पसरायची, कडा भांड्याला दाबायच्या, वाफेला जागा म्हणून सुरीने चिरा द्यायच्या. ओव्हन त्या ओळीत कुणी पाहिलेलाही नव्हता. पातेलं मंद शेगडीवर, त्याच्यावर लोखंडी तवा, आणि तव्यात निखारे. घरी नानकटाई करतात तसं.

"खाली कमी, वर जास्त," मंगलाबाई सांगत होत्या. "खालून घाई केली तर लागतं, वरून कंजुषी केली तर कच्चं राहतं."

बऱ्याच वेळाने तवा उचलला तेव्हा झाकण तांबूस होऊन फुगलं होतं आणि चिरांतून रस बुडबुडत वर येत होता. सहादू उकिडवा बसून नुसता बघत राहिला. भाकरी त्याला कधीच थापता आली नव्हती. इथं भाकरीचं काम झाकणच करत होतं. एक पातेलं, एक तवा, एक ताटली. कामावरून थकून आलेल्या माणसाला याहून जास्त काय पाहिजे?

खिमा रोज परवडण्यासारखा नव्हता. मग तो कधी उकडलेली अंडी घाली, कधी नुसता बटाटा-फ्लॉवर, कधी आदल्या दिवशीची दाट डाळ. झाकण असलं की काहीही चालून जाई. मंगळवारी आणि गुरुवारी कालवण ठरलेलं. त्यातली एक वाटी तो स्टुलावर चढून भिंतीवरून पलीकडे देई. मंगलाबाई त्याच्याकडे येऊन जेवत नसत आणि तो त्यांच्याकडे जात नसे. ओळीतल्या सगळ्या घरांना डोळे होते. पण दोघं आपापल्या बाजूला, त्याच भिंतीला टेकून, एकाच वेळी जेवत.

"मिरपूड जास्त झाली आज," पलीकडून आवाज येई.

"हो का? मला बरी लागली."

"बरी आहे. जास्त आहे, पण बरी आहे."

मग चमच्यांचे आवाज. सहादूच्या आठवड्यातलं संध्याकाळचं बोलणं ते एवढंच. तरी त्या दोन दिवशी तो कामावरून जरा भरभर चालत यायचा.

सुमनला त्याने हे सगळं सांगितलं. पायांची गोष्ट ऐकून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "करा ना एकदा मला," म्हणाली. पण ती शनिवारी दमून यायची आणि रविवारी उठल्या उठल्या शेगडीचा ताबा घ्यायची. "आठवड्यातून एक दिवस तरी माझ्या हातचं खा," म्हणायची आणि बोंबलाचं कालवण, बाजरीच्या भाकरी, सोमवारची भाजी, असं करत दिवसभर ओट्यापासून हलायची नाही. तिच्या हातातून पोळपाट काढून घेणं सहादूला जमलं नाही. ते आठवड्यातल्या एकट्या दिवसांचं जेवण होतं आणि सुमन रविवारची होती.

१९७८च्या पावसाळ्यात एका शनिवारी सुमन आली नाही. बोरगावच्या गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा झाला होता, त्याने निरोप दिला, "ताई म्हणल्या, नदीला पाणी हाय, येत नाय." पुढच्या शनिवारी ती आली नाही आणि निरोपही आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी सहादूने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पहाटे उठून शेगडी पेटवली, खिमा आदल्या संध्याकाळीच आणला होता, आणि पातेलंभर झाकणाचं कालवण केलं. फडक्यात बांधून ते मांडीवर घेऊन तो दुपारच्या गाडीत बसला.

वणीच्या पुढे रस्ता जिथं तिथं उखडला होता. प्रत्येक खड्ड्याला सहादू पातेलं दोन्ही हातांनी उचलून धरी. शेजारचा म्हातारा म्हणाला, "दूध हाय का?" तो म्हणाला, "नाही, जेवण आहे." बोरगावला उतरून तो भर पावसात डोंगर चढला. आंबपाड्याला पोचेपर्यंत दिवस मावळला होता.

सुमन तिथं नव्हती. पलीकडच्या पाड्यावर एक बाई अडली होती, तिकडे गेली होती. दवाखान्याच्या पडवीत पुतळाबाई नावाची म्हातारी सुईण बसलेली होती. तिने सहादूला खालीवर पाहिलं.

"तू ताईचा नवरा?"

"हो."

"बस मग. येल ती. पान्याचं सांगता येत नाय."

सुमनच्या खोलीत एक खाट, एक ट्रंक, दोरीवर वाळत घातलेला पांढरा युनिफॉर्म. पातेलं सोडून पाहिलं तर झाकण भिजून कालवणात बसलं होतं. त्याने ते पुन्हा बांधून ठेवलं. पुतळाबाईने नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी आणून दिली, ती त्याने खाल्ली. सकाळपर्यंत कालवणाला वास सुटला. ते त्याने ओढ्याकाठी नेऊन ओतलं आणि पातेलं मातीने घासून घेतलं.

सुमन आली रविवारी दुपारी. त्याने तिला लांबून, उतारावरून येताना पाहिलं. अवतीभोवती पाच-सहा बायका होत्या, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि ती हसत होती. मोठ्याने, तोंड वर करून, त्या बायकांच्या बोलीत काहीतरी बोलत. एकीने तिच्या डोक्यावर पळसाच्या पानांचं इरलं धरलं होतं. सहादू पडवीच्या खांबाला धरून उभा राहिला. हे हसणं त्याने घरी कधी ऐकलं नव्हतं, असं त्याला वाटलं.

"अहो! तुम्ही कधी आलात?" ती धावतच आली. "पोस्टाच्या माणसाकडे निरोप दिला होता मी. मिळाला नाही?"

"नाही."

"जेवलात का?"

"जेवलो. या बाईंनी दिलं."

बोलायला फारसा वेळ नव्हता, शेवटची गाडी गाठायची होती. बायका पडवीत त्याच्याकडे टक लावून बसल्या होत्या. सुमन त्याला वळणापर्यंत पोचवायला आली. कालवणाचं त्याने तिला सांगितलं नाही. पातेलं रिकामंच पिशवीत होतं.

परतताना गाडीत त्याने एक गोष्ट मनाशी ठरवून टाकली. सुमनला तिथं बरं वाटतं. तिची माणसं तिथं आहेत. आपण दर महिन्याला बदलीचं काय झालं, बदलीचं काय झालं, म्हणून तिच्या मागे लागतो, ते तिला नको असेल. त्यानंतर त्याने विचारणं सोडलं. सुमन दर वर्षी अर्ज करत राहिली, पण त्या अर्जाचं काय झालं हे तिनेही आपण होऊन सांगितलं नाही.

मंगलाबाईंना १९८१ साली भाची पुण्याला घेऊन गेली. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. जाताना त्यांनी आपलं लाटणं सहादूला दिलं आणि म्हणाल्या, "डालडा थंड ठेवत जा, पगारे. उन्हाळ्यात घाई करता तुम्ही." दोन वर्षांनी त्या पुण्यातच वारल्या. सहादूला ते कळलं तेव्हा बरेच महिने होऊन गेले होते. त्यांच्या खोलीत एका दुकानदाराने सामान भरून ठेवलं. भिंतीपलीकडे माणूस नसे, पोती असत.

सहादू पहिल्याएवढंच करी. पावशेर खिमा, तेवढंच पातेलं. एक वाटी उरायची. ती तो सकाळी खाई. कमी करायचं त्याला सुचत नव्हतं असं नाही, पण त्याने कमी केलं नाही.

मग १९८५च्या जूनमध्ये, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, सुमनची बदली नाशिकला, एका मोठ्या दवाखान्यात झाली. ट्रंक, खाटेवरची गादी आणि नागलीचं एक पोतं घेऊन ती आली. ते पोतं आंबपाड्याच्या बायकांनी दिलं होतं. तो सोमवार होता. सहादू कामावरून आला तर घरात दिवा लागलेला.

"आज मी करतो," तो म्हणाला.

सुमन पाटावर बसून बघत राहिली. त्याचं चोळणं, लाटणं, कडा दाबणं, तव्यात निखारे ठेवणं. मदतीला म्हणून ती मिरपुडीसाठी उठली, पण मिरपूड तो वरच्या फळीवर मैद्यामागे ठेवी आणि तिला ती सापडेना. "बस तू," तो म्हणाला. ती बसली. जेवताना तिने पहिला घास घेतला.

"छान झालंय."

"मिरपूड जास्त झाली का?"

"नाही. छान आहे."

पुढे दोघांना काही सुचेना. अकरा वर्षं ते शनिवारी भेटत होते. आठवडाभराचं साचलेलं शनिवारी एकमेकांना सांगायचं, रविवारी संपवायचं. सोमवारी काय बोलायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मंगळवारीही नव्हतं. सुमन संध्याकाळी दाराशी उभी रस्त्याकडे बघत राही. दवाखान्यात तिच्यासारख्या पुष्कळ नर्सेस होत्या. तिथं तिला सगळे "सिस्टर" म्हणत, सुमनताई म्हणणारं कुणी नव्हतं. सहादू वर्तमानपत्र वाची. घरात दोन माणसं होती आणि आवाज पूर्वीएवढाच होता.

श्रावण लागला आणि सुमनला नाईट ड्यूटी लागली. हे दोघांच्याही हिशेबात नव्हतं. खेड्यातल्या उपकेंद्रात नाईट ड्यूटी नावाचं काही नसे. बोलावणं आलं की जायचं, एवढंच. इथं पाळ्या. सहादू संध्याकाळी घरी यायचा तेव्हा ती निघण्याच्या तयारीत असे. सकाळी ती परत यायची तोवर तो सातपूरच्या बसमध्ये. तिच्यासाठी तो कालवण झाकून ठेवी. ती ते सकाळी गार खाऊन झोपून जाई. संध्याकाळी त्याला धुतलेली ताटली उपडी घातलेली दिसे.

अशाच एका संध्याकाळी दारात एक माणूस उभा राहिला. पंचविशीचा, अंगात बनियन, खांद्यावर घोंगडी, पायात काही नाही.

"सुमनताईचं घर हेच का?"

"हो. तुम्ही?"

"मी झुंबर. आंबपाड्याचा. पुतळाबाईचा जावई. माझी बायको बाळंत झाली आन् ताप उतरंना, तं हिकडं आनली. ताई म्हनली, घरी जा, जेव, तिथं नवरा असंल."

"या, या. बाळ?"

"बाळ नाय ऱ्हायलं."

त्याने पाट मांडला, तांब्याभर पाणी दिलं आणि शेगडीकडे वळला. कालवण वर चढवलेलंच होतं. तो निखारे सारखे करत बसला, झुंबर भिंतीला टेकून बसला.

ताटलीत वाढल्यावर झुंबरने आधी झाकण बोटाने दाबून पाहिलं.

"वर भाकर, खाली कालवन?"

"तसंच काहीतरी. खा, गरम आहे."

झुंबरने खाल्लं. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. दुसऱ्यांदा वाढल्यावर तो जरा सावरला.

"ताई तिकडं बी असंच करायची. एका गाडग्यात सगळं. तांदूळ, डाळ, भाजी, सगळं एकदम. एकट्या मान्साला दोन-दोन भांडी कशाला, म्हनायची." त्याने बोट चाटलं. "सोमवारी तं चूलच पेटवायची नाय."

"का?"

"काय म्हाईत. सोमवारी हिकडून आली का खोलीत जाऊन बसायची. कोनाशी बोलायची नाय. माझी सासू म्हनायची, आज ताईला काय विचारू नका, आज तिचा सोमवार हाय. लेकरांना बी म्हाईत. मंगळवारी मंग बोलायला लागायची."

सहादूने हातातला घास ताटलीत ठेवला.

"दर सोमवारी?"

"हां. मी पोरगा होतो तवापासून." झुंबरने त्याच्याकडे पाहिलं. "तुमाला म्हाईत नाय?"

"नाही," सहादू म्हणाला.

झुंबर पडवीत घोंगडी पांघरून झोपला आणि उजाडायच्या आधीच दवाखान्यात निघून गेला. सहादू सकाळी आंघोळ करून तयार झाला, डब्याची पिशवी हातात घेतली, आणि पुन्हा खुंटीला अडकवली. इतक्या वर्षांच्या नोकरीत न सांगता रजा त्याने तोवर कधी घेतली नव्हती. शेगडी पेटवून त्याने उरलेलं कालवण गरम करत ठेवलं.

सुमन आली आणि त्याला बघून दारातच थबकली.

"काय झालं? बरं नाही का?"

"बरा आहे. झुंबरची बायको कशी आहे?"

"ताप उतरला पहाटे. वाचेल." तिने चपला काढल्या, पाण्याने तोंड धुतलं. "तुम्ही गेला नाहीत?"

"बस. जेव आधी."

ती बसली. त्याने दोघांना वाढून घेतलं. खिडकीतून ऊन आत आलं होतं. त्या उन्हात तिच्या कानाजवळचे पांढरे केस दिसत होते. तिने दोन-चार घास खाल्ल्यावर तो म्हणाला, "सोमवारी तू कुणाशी बोलायची नाहीस म्हणे."

सुमनचा हात थांबला. "कोण म्हणालं? झुंबर?"

"हो."

"त्याला काय कळतंय."

"मला वाटायचं, तुला तिथं करमतं. म्हणून मी बदलीचं विचारायचं सोडलं."

"तुम्ही सोडलंत ते माझ्या लक्षात आलं होतं," ती ताटलीत बघत म्हणाली. "मला वाटलं, यांना आता एकट्याची सवय झाली. आपण येतो ते पाहुणे आल्यासारखं होतं. दोन दिवस करायचं आणि जायचं."

"मी आलो होतो ना त्या पावसात. तू त्या बायकांबरोबर हसत येत होतीस."

सुमनने वर पाहिलं. त्याला ते एवढं आठवतं आहे, याचंच तिला नवल वाटलेलं दिसलं.

"अहो, मूल आडवं होतं त्या बाईचं. दोघंही वाचणार नाहीत असं धरून चाललो होतो आम्ही. आणि दोघंही वाचली. त्या दिवशी हसू नको तर काय करू?"

बाहेर कुणीतरी नळावर बादली आपटली. किती वर्षं गेली ती दोघांनाही मोजायची नव्हती. सुमनने डोळे पदराने पुसले, नाक ओढलं आणि पुन्हा खाऊ लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या हातात पिशवी होती. काय होतं तिच्यात?"

"पातेलं," तो म्हणाला. "रिकामं."

"रिकामं पातेलं घेऊन आला होतात?"

"आणलं तेव्हा भरलेलं होतं."

तिने आणखी विचारलं, मग त्याने सगळं सांगितलं. गाडीतले खड्डे, म्हाताऱ्याचं दूध, ओढ्याकाठची माती. ती ऐकत राहिली. हसली नाही.

झुंबरची बायको बरी होऊन आठवड्याभराने गेली. जाताना दोघं घरी येऊन जेवून गेली. ती पोरगी अठरा-एकोणीस वर्षांची असेल, एक शब्द बोलली नाही, नुसती सुमनला चिकटून बसली होती. ती गेल्यावर सुमन दिवसभर गप्प होती, आणि सहादूने तिला काही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात त्याने फोरमनला गाठलं. बायकोला नाईट असेल त्या आठवड्यात मला दुपारची सेकंड शिफ्ट द्या, म्हणाला. फोरमनला आश्चर्य वाटलं, कारण सेकंड शिफ्ट कुणी मागून घेत नसे, पण त्याने दिली. तेव्हापासून त्या आठवड्यांत पगाऱ्यांकडे मुख्य जेवण सकाळी होऊ लागलं. लोक कामावर निघत, पोरं शाळेला पळत, तेव्हा त्यांच्या शेगडीवर तवा चढलेला असे आणि ओळभर भाजल्या मैद्याचा वास सुटे. सुमनने त्यात नागलीचं पीठ मिसळून पाहिलं. झाकण काळपट झालं आणि जरा कडक, पण चवीला बरं लागलं.

बोलणं फार वाढलं असं नाही. इतक्या वर्षांनी माणूस बोलका होत नाही. सुमनला अजूनही कधी कधी संध्याकाळी करमत नसे, आणि सहादूला कधी कधी आपण एकटेच जेवत होतो ते बरं होतं असं वाटून जाई, मग त्याचीच त्याला लाज वाटे. दोघांनी हे एकमेकांना सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यातली एक सकाळ. मटार आले होते. सुमन वॉर्डात रात्रभर उभी राहून आली होती, चार घास खाल्ले, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि भिंतीला टेकल्या टेकल्याच तिचा डोळा लागला. ताटली हातातच होती. सहादूने ती अलगद काढून घेतली, तिच्या अंगावर चादर टाकली आणि आपलं उरलेलं जेवण आवाज न करता संपवलं. कामावर जायला अजून पुष्कळ वेळ होता. तो तिथंच, तिच्यासमोर, बसून राहिला.